काडतुसांच्या पेटीतलं बिस्कीट

गोदामात पाणी शिरलं त्या वर्षापासून या घरात काडतुसांची पेटी कधी कुणाच्या शब्दावर घेतली गेली नव्हती. पेटी आधी जिन्यावरून खाली सोडायची, मग भरल्या वजनानिशी उचलून अंगणाला फेरी मारायची, आणि सगळ्यात शेवटी मागच्या हौदात बुडवायची. हा क्रम घरातल्या सगळ्यात थोरल्या अण्णांनी घालून दिला होता आणि तो बदलायची कुणाची छाती नव्हती. पेटीला तडा जातो जिन्यावर, तो वाढतो उचलताना, आणि सापडतो पाण्याला, असं त्यांचं म्हणणं. खरी काडतुसं अर्थातच या खेळात नसत. ती घरच्या काडतुसांच्या दुकानातल्या लोखंडी कपाटात कुलूपबंद, आणि किल्ली अण्णांच्या लेकीच्या, ताईंच्या कमरेला. पेटीत वजनासाठी शिशाचे गोळे घालायचे आणि त्यांच्यावर एक कडक बिस्कीट ठेवायचं. दुपारच्या चहाला पेटी बाहेर काढून अण्णांनी ते बिस्कीट कानाशी नेऊन मोडायचं. कट वाजलं तर पेटी पास. नुसतंच वाकलं तर नापास, मग ती कुणी का केलेली असेना.

आज तीन पेट्या होत्या आणि वहिनींना त्यातली एक नापास व्हायला हवी होती. दुर्दैवाने ती त्यांच्या नवऱ्याची होती.

उद्या सकाळी त्यांची लेक चिमणी नेमबाजीच्या निवडस्पर्धेला निघणार होती. स्पर्धा बेटावर, म्हणजे आधी बस, मग बोट, आणि बोट म्हटली की वरून खालून खारं पाणी. गेल्या वर्षीही तीच बोट होती. तिच्या बापाने, दादांनी, स्वतःच्या हाताने केलेली सागवानी पेटी घेऊन पोरगी गेली, आणि अंतिम फेरीत तिचं एक काडतूस उडालंच नाही, बाकीची उडाली ती वाट्टेल तिकडे गेली. घरी येऊन तिने सगळ्यांना सांगितलं, "ऐन वेळी थरथर हात कापला माझा." खरं काय ते फक्त आईला सांगितलं, तेही शपथ घालून. पेटीत ओल शिरली होती. "बाबांना कळलं तर ते रंध्याला हात लावणार नाहीत परत," ती म्हणाली होती. तेव्हापासून वर्षभर वहिनी ते गुपित पोटात घेऊन फिरत होत्या, आणि दादा मात्र रोज जेवताना मुलीला श्वास कसा रोखावा ते शिकवत होते. आता यंदाही तीच पेटी मिळाली तर पोरगी हूं की चूं न करता ती घेऊन जाणार आणि पुन्हा हात कापला म्हणून परत येणार, हे त्यांना लख्ख दिसत होतं.

"सोडू का?" जिन्याच्या वरच्या पायरीवरून धाकट्या भाऊजींनी विचारलं. ते प्लास्टिकच्या डब्यांचे विक्रेते. त्यांच्या हातात केशरी रंगाची पेटी होती, आणि ती जगातली शेवटची पेटी असल्यासारखे ते तिच्याकडे बघत होते.

"थांब, अण्णांना नीट बसू दे," खालून ताई म्हणाल्या.

"मी बसलोय," अण्णा म्हणाले. "पेटी सोड. तू उतरू नकोस तिच्याबरोबर. मागच्या खेपेला आला होतास."

केशरी पेटी सुटली ती पायऱ्या मोजत बसली नाही. दुसऱ्याच पायरीवरून तिने झेप घेतली, भिंतीला टेकून वळली आणि थेट अण्णांच्या खुर्चीखाली जाऊन थांबली. तिची कडी मात्र वेगळ्या वाटेने गेली आणि ताईंच्या पायाशी येऊन पडली.

ताईंनी ती उचलून धाकट्या भावाला दाखवली. "हे काय?"

"ती सुटी होते," भाऊजी म्हणाले. "धुवायला सोपं जावं म्हणून."

"काडतुसाच्या पेटीची कडी कोण धुतं रे?"

"स्वच्छ माणसं."

भाऊजींची बायको दातांची डॉक्टर. घरात तिला सगळे डॉक्टरीणच म्हणत. ती जिन्याच्या कठड्याला टेकून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. तिचं मत कालच ताईंच्या बाजूला गेलं होतं. तिच्या घरात पलंगाखाली, कपाटावर आणि आता न्हाणीघरातसुद्धा नमुन्याचे डबे रचलेले होते, आणि आणखी एक पेटी पास झाली तर आपल्याला दवाखान्यात झोपावं लागेल असं तिचं रास्त म्हणणं होतं.

मग ताईंची पोलादी पेटी आली. हिरवी, चपटी, झाकणाच्या कडेला काळी रबरी पट्टी, दाबून बसणारा खटका. ताई दुकान चालवायच्या आणि त्यांचा विश्वास फक्त दोन गोष्टींवर होता, कुलपावर आणि रबरावर. ती पेटी खाली येताना शेजारच्या दोन घरांतले लोक खिडकीत आले. पेटीवर साधा ओरखडा नव्हता.

"बघा. काही झालं नाही," ताई म्हणाल्या.

"पायरीला झालं," दादा शांतपणे म्हणाले. आणि खरंच, तिसऱ्या पायरीचा एक टवका निघाला होता.

शेवटी दादांची पेटी. दादांनी ती भाऊजींच्या हातात दिली नाही, स्वतः वर गेले. पेटी देखणी होती, त्यात वाद नव्हता. कोपरे एकमेकांत असे गुंतवलेले की सांधा शोधायला नख फिरवावं लागे, झाकणाखाली मेणाची नाजूक रेघ, आणि मूठ अशी घोटलेली की हातात घेतल्यावर सोडावीशी वाटू नये. ती धप, धप, धप करत सभ्यपणे खाली आली आणि अण्णांपुढे उभी राहिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चिमणीने तर शिट्टी मारली. वहिनींनीही टाळ्या वाजवल्या आणि मनात म्हटलं, मेली फुटली असती तर काय बिघडलं असतं.

उचलण्यातही लाकूडच पुढे राहिलं. डॉक्टरीण ताईंची पेटी घेऊन अर्ध्या अंगणापर्यंत गेली आणि तळहात पुढे करून परत आली. मुठीची तार रुतून लाल वळ उठला होता. "ताई, मी तुमच्याच बाजूची आहे," ती म्हणाली, "पण या हाताने मला उद्या दाढा काढायच्यात." चिमणीने वडिलांची पेटी घेतली ती नाचवत नाचवत, दोन फेऱ्या जास्तच मारल्या. आपली लेक वडिलांना जिंकवायला निघाली आहे, हे वहिनींच्या तेव्हाच लक्षात आलं.

मग बिस्किटं. भाऊजींनी आणलेल्या पुड्यातून चौकोनी तीन काढली गेली. अण्णांनी प्रत्येकाचा एक कोपरा खूण म्हणून मोडला आणि ते कोपरे स्वतःच्या चहात सोडले. त्यांची कवळी नेहमीप्रमाणे सदऱ्याच्या खिशात होती.

"तोंडात घाला की ती," डॉक्टरीण म्हणाली. "मी चार वेळा घासून दिलीय तुम्हाला."

"खिशात छान बसते," अण्णा म्हणाले.

तीन पेट्या हौदात गेल्या. वर एकेक दगड ठेवला. आणि घर जेवायला बसलं, ते एकमेकांवर डोळा ठेवून.

जेवण होऊन सगळे पांगले तसं वहिनींनी मनाशी पक्कं केलं. दादांच्या पेटीतलं बिस्कीट ओलं करायचं. बस्स. पेटी नापास होईल, पोरगी पोलादी पेटी घेऊन जाईल, आणि दादांना वाटेल की आज पाणी शिरलं. गेल्या वर्षीचं कळणार नाही. एक खोटं झाकायला दुसरं, पण पहिलं खोटं मायेचं होतं तर दुसरंही तसंच धरायला हरकत नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं. रिकामी बादली घेतली, म्हणजे कुणी विचारलं तर पाणी न्यायला आले म्हणता येईल.

हौदापाशी भाऊजी होते. बाह्या कोपरापर्यंत ओल्या.

"तुम्ही इथे?" वहिनी म्हणाल्या.

"मासे बघत होतो."

"हौदात मासे नाहीत, भाऊजी."

"म्हणूनच वेळ लागला." त्यांनी वहिनींच्या बादलीकडे पाहिलं. चोराच्या मनात चांदणं, तशी वहिनींनी बादली पाठीमागे घेतली. "वहिनी," भाऊजी हळूच म्हणाले, "तुम्ही मला पाहिलं नाही, मी तुम्हाला पाहिलं नाही."

"मी तर पाणी न्यायला आलेय."

"हो ना. नळ स्वयंपाकघरात असताना." आणि ते चोरपावलांनी निघून गेले. चोरपावलं, पण चपला ओल्या असल्यामुळे पच पच वाजत होत्या.

वहिनींनी तोंडावर पदर दाबला. हसू आवरल्यावर वाकून दगड बाजूला केला, लाकडी पेटी काठावर ओढली आणि झाकण उचललं. बिस्कीट लापशी झालं होतं.

क्षणभर त्यांना हायसं वाटलं. देवानेच काम केलं, हात ओला करायचीसुद्धा गरज नाही. झाकण परत लावणार तेवढ्यात त्यांची नजर मेणाच्या रेघेवर गेली. सकाळी ती रेघ झाकणाच्या चारी बाजूंनी सलग होती. आता मागच्या बाजूचं मेण नव्हतं. पाण्याने गेलं नव्हतं, खरवडून काढलं होतं. आणि कसं, तर एका रेषेत, कडेला जराही न दुखावता, पटाशीच्या टोकाने. या घरात असं सरळ खरवडणारा हात एकच होता.

वहिनी हौदाच्या काठावर बसल्या. म्हणजे यांना माहीत होतं. किती दिवसांपासून, देव जाणे. आपण वर्षभर ज्यांच्यापासून लपवलं त्यांनी आपल्यापासून लपवलं होतं, आणि एकाच ताटात जेवून दोघांनी एकमेकांना ताकास तूर लागू दिली नव्हती. त्यांना रडू येईल असं वाटलं, पण आलं हसूच. पेटी होती तशी पाण्यात सोडून त्या उठल्या.

दादा मागच्या खोलीत, आपल्या कामाच्या बाकापाशी होते. हातात रंधा होता, पुढे एक फळी होती, आणि भुसा अजिबात पडत नव्हता.

"काय करताय?" वहिनींनी विचारलं.

"रंधतोय."

"रंध्याला पातं नाहीये."

दादांनी रंधा उलटा करून पाहिला. पातं बाकावर पडलं होतं. "हं," ते म्हणाले. "तू बादली घेऊन का फिरतेस?"

"फिरतेय. कोपऱ्यात त्या बादलीत काय आहे तुमच्या?"

कोपऱ्यातल्या बादलीत पाणी होतं आणि पाण्यात, दगडाखाली, आणखी एक छोटी लाकडी पेटी होती. तिच्या शेजारी फडताळात बिस्किटांचे रिकामे पुडे खच्चून कोंबलेले. गेले कित्येक महिने घरातली बिस्किटं कुठे जातात याचा आळ भाऊजींवर होता.

"झाकणाचा प्रयोग," दादा म्हणाले. "वेगवेगळं मेण, वेगळा सांधा."

"मग?"

"कधी राहतं कोरडं, कधी नाही. लाकूड आहे. त्याच्या मनावर." ते फळीवरून हात फिरवत राहिले. "आज कोरडं राहिलं असतं तर पंचाईत झाली असती."

एवढंच बोलले. वहिनींना तेवढं पुरलं. आज पेटी नशिबाने पास झाली असती, पोरीने ती प्रेमाने उचलली असती, आणि बोटीवर लाकडाचं मन फिरलं असतं. म्हणून या माणसाने वर्षभर जिच्यासाठी रात्रीचा दिवस केला ती पेटी स्वतःच्या हाताने बुडवली होती. वहिनींनी पातं उचलून त्यांच्या हातात ठेवलं.

"चहाला या," त्या म्हणाल्या. "चेहरा जरा नीट करून. हरताना आश्चर्य वाटल्यासारखं दिसायला हवं."

दादांनी चमकून पाहिलं. पण वहिनी बादली हलवत निघून गेल्या होत्या.

चहाच्या वेळी अंगणात टेबल मांडलं. पेट्या बाहेर काढायचं काम अण्णांनी चिमणीला दिलं, कारण ज्याला पेटी न्यायची त्याने तिला पाण्यातून काढावं, असाही एक नियम होता. ती एकेक पेटी घेऊन आली. तिसरी आणायला तिला जरा जास्तच वेळ लागला.

"मासे बघतेयस काय गं?" वहिनींनी हाक मारली. भाऊजींना चहाचा ठसका लागला.

पहिली केशरी पेटी. अण्णांनी झाकण उघडलं, आत हात घातला आणि बिस्कीट वर धरलं.

बिस्कीट गोल होतं.

अण्णांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "सकाळी चौकोनी ठेवलं होतं ना आपण?"

"पाण्यात कोपरे झिजतात," भाऊजी म्हणाले.

"आणि मध्ये क्रीम येतं?" ताई म्हणाल्या.

"माझ्या पर्समधलं आहे ते," डॉक्टरीण म्हणाली. "तरी म्हटलं, दवाखान्यातल्या पोरांसाठी ठेवलेलं बिस्कीट गेलं कुठे. अहो, निदान चौकोनी तरी शोधायचं होतं."

"चौकोनी संपलीत घरातली," भाऊजी कळवळून म्हणाले. "कोण खातं कळत नाही. नाव माझं होतं."

दादा चहाच्या कपात बघत होते. वहिनींनी त्यांच्या पायाला पायाने टोचलं.

दुसरी पोलादी पेटी. खटका उघडताना फस्स असा आवाज आला, तेव्हाच ताई खुर्चीत मागे टेकल्या. बिस्कीट चौकोनी, कोपरा मोडलेला, अण्णांनी कानाशी नेऊन मोडलं आणि कट वाजलं. असं वाजलं की पलीकडच्या घराच्या खिडकीतून कुणी तरी वा म्हटलं.

मग दादांची पेटी. दादांनी चेहऱ्यावर आश्चर्याची तयारी सुरू केली होती, भुवया आधीच थोड्या वर गेल्या होत्या. वहिनींनी मान खाली घातली. अण्णांनी बिस्कीट काढलं. चौकोनी, कोपरा मोडलेला. कानाशी नेलं.

कट.

दादांच्या भुवया होत्या तिथेच राहिल्या. वहिनींनी मान वर केली. चिमणी टाळ्या पिटत उठली. "बाबांची पेटी पास. जिन्यावर पहिली, उचलायला पहिली, पाण्यातही पास. हीच नेणार मी."

"हे शक्य नाही," दादा म्हणाले.

"का शक्य नाही?" चिमणी म्हणाली. "अण्णांच्या कानाने ऐकलंय."

"नाही. हे खोटं आहे."

"स्वतःच्या पेटीबद्दल बोलतोयस तू, दादा," ताई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना लाकडाची बाजू घ्यावीशी वाटत होती. "वाजलंय कट. मी मान्य करते. चांगली पेटी आहे."

"मी मेण खरवडलं होतं," दादा म्हणाले.

कुणाला काही कळेना. दादांनी झाकण उलटं करून सगळ्यांना दाखवलं. "इथून. जेवण झाल्यावर. पाणी आत जायलाच हवं. मी बघून घेतलं, बुडबुडे येत होते."

"पण का?" डॉक्टरीण म्हणाली.

"गेल्या वर्षी आपोआप गेलं होतं. यंदा खात्री करून घेतली."

चिमणी उभी होती ती हळूच खाली बसली. दादा तिच्याकडे वळले. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "तू परत आलीस आणि पेटी मला दिलीस. आतली फळी मी पुसली. काडतुसांचं पितळ टेकलेल्या जागी हिरवे गोल उमटले होते. पितळ हिरवं पडतं ते दमटपणानं. पोरगी घाबरली म्हणून पडत नाही."

"मग वर्षभर बोलला का नाहीत?"

"तू बोलली नाहीस म्हणून. तू एवढं लपवलंस, मी उघड करून तुझी मेहनत कशाला वाया घालवू?"

"आणि मला रोज श्वास कसा रोखायचा ते शिकवत होतात."

"दुसरं काय शिकवणार? हात तर तुझा कधी कापतच नाही."

वहिनींना हसू आवरेना. त्या आधी हुंदक्यासारखं हसल्या, मग खरोखरच हसल्या, मग टेबलावर डोकं टेकून हसल्या. "मी बादली घेऊन गेले होते," त्या मध्येच म्हणाल्या. "यांचं बिस्कीट भिजवायला. बघते तर आधीच लापशी."

"म्हणजे वहिनी, तुम्ही पाणी न्यायला नव्हता आलात," भाऊजी म्हणाले. त्यांना फार बरं वाटलं होतं. उंदराला मांजर साक्ष मिळाली होती.

"थांबा," अण्णा म्हणाले. "मेण खरवडलं याने. लापशी पाहिली हिने. मग मी मोडलं ते काय?"

सगळ्यांनी चिमणीकडे पाहिलं. तिची उजवी बाही कोपरापर्यंत ओली होती. तिने खिशात हात घातला आणि एक ओला गोळा काढून टेबलावर ठेवला. "पुड्यातलं शेवटचं चौकोनी होतं," ती म्हणाली. "सकाळीच बाजूला काढून ठेवलं होतं मी. कोपरासुद्धा मोडला होता." मग तिचे डोळे भरले. "मला तुमची पेटी हरायला नको होती, बाबा. मी काडतुसं आत पिशवीत बांधून नेली असती. नाही तर भिजली असती. मला चाललं असतं."

"मला नसतं चाललं," दादा म्हणाले. "पेटीचं काम काय, काडतुसं कोरडी ठेवायची. बापाचं मन ठेवणं हे पेटीचं काम नाही. त्यासाठी तू आहेस." असं म्हणून त्यांनी पोलादी पेटी उचलून तिच्यापुढे ठेवली. मूठ धरताना तार त्यांनाही रुतली. त्यांनी ती खाली ठेवून मुठीकडे बारीक नजरेने पाहिलं, झाकण उघडून आतली मोकळी जागा पाहिली, आणि वहिनींनी कितीतरी महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर ती जुनी हाव पाहिली.

"ताई, ही वस्तू कुणी केली?"

"का?"

"मूठ म्हणजे शिक्षा आहे. आणि आत काडतुसं नुसती ओतणार? बोटीत खुळखुळ्यासारखी वाजतील. टोकं ठेचतील सगळी. संध्याकाळपर्यंत दे मला. मुठीवर लाकूड चढवतो, आणि आत भोकांची फळी बसवतो. प्रत्येक काडतूस आपापल्या भोकात उभं."

"माझ्या पेटीला पटाशी लावायची नाही," ताई म्हणाल्या.

"रबराला हात लावत नाही."

"शपथ?"

"तुझ्या किल्लीची."

ताईंनी विचार केला आणि पेटी त्यांच्याकडे सरकवली. भाऊजी म्हणाले, भोकांची फळी प्लास्टिकची असती तर हलकी झाली असती, त्यांच्याकडे नमुना होता. यावर त्यांची बायको, बहीण आणि भाऊ एकदमच नाही म्हणाले. या तिघांचं एकमत झाल्याचं घरात कुणालाही आठवत नव्हतं, म्हणून भाऊजींनाही ते मानवलं.

एवढ्यात डॉक्टरीण किंचाळली. "अण्णा, काय खाताय तुम्ही?"

अण्णांनी टेबलावरचा ओला गोळा उचलून तोंडात टाकला होता. ते तो सावकाश, दात नसलेल्या तोंडात घोळवत होते, आणि त्यांचे डोळे मिटलेले होते.

"हौदाचं पाणी आहे त्यात. खिशातला कचरा आहे."

"बरं लागतं," अण्णा म्हणाले. "इतकी वर्षं बिस्किटं मोडतोय मी. कट वाजलेलं एकही मला खाता आलं नाही. तुम्ही लोक पास झालेली आपसांत वाटून घेता आणि मी चहात कोपरे बुडवत बसतो." त्यांनी लाकडी पेटी स्वतःकडे ओढली आणि तिच्या घोटलेल्या मुठीवर हात ठेवला. "ही माझ्या खोलीत ठेवा. बिस्किटांना. मेण नका लावू परत."

दादा बापाकडे बघत राहिले आणि मग असे हसले की त्यांनाच खुर्चीचा आधार घ्यावा लागला. वहिनींनी त्यांच्या पाठीवर थापटलं. डॉक्टरीण कवळी खिशात ठेवणाऱ्या माणसांबद्दल बरंच काही बोलत होती, पण ते कुणाच्याच कानात शिरत नव्हतं.

सकाळी बस फाटकापाशी आली तेव्हा ताईंनी कपाट उघडून काडतुसं आणली. दादांनी ती एकेक करून भोकांत उभी केली. सगळी एका उंचीची, सरळ, गुमान. झाकण बंद केलं, खटका दाबला, रबराने कडेने घट्ट तोंड मिटलं. लाकूड चढवलेली मूठ त्यांनी एकदा पुसली आणि पेटी चिमणीच्या हातात दिली. तिने ती तोलून पाहिली. वळ उठणार नव्हता.

"बाबा," ती बसच्या पायरीवरून म्हणाली, "आता काडतुसं कोरडी, पेटी पक्की. यंदा हरले तर सगळा दोष माझाच."

"तुझाच," दादा म्हणाले. "खुशाल हर."

बस हलली. वहिनींनी हात वर केला, आणि तो कापत होता. दादांनी ते पाहिलं आणि तो हात धरून ठेवला.